मॅपवाली बाई आणि सुकती

मराठवाड्याला समुद्र नाही, एवढे वाक्य भूगोलाच्या पेपरात एका गुणापुरते ठीक आहे. पण हिवाळ्यात कोकणात जाऊन कयाक ही वल्हवायची अरुंद छोटी होडी भाड्याने घेणारे मराठवाडेकर आता इतके वाढलेले दिसतात, की या वेळी सदराच्या टपालात दुसरा विषयच उरला नाही. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे, तो म्हणजे फोनने दगा दिला. पहिले पत्र लांब आहे, पण ते कापण्याचे धाडस मला झाले नाही.

प्रश्न : आम्ही परभणीचे चौघे मित्र दत्तजयंती आटोपून त्याच रात्री गाडीने निघालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालवणजवळच्या देवबागला पोहोचलो आणि त्याच्या पुढच्या दिवशी जेवण उरकून अडीच वाजता दोन कयाक घेऊन कर्लीच्या खाडीत उतरलो. कयाकवाल्याने काठावरून काहीतरी सांगितले होते, परंतु आमच्याजवळ जीपीएस असल्यामुळे आम्ही ते फारसे मनावर घेतले नाही. खाडी समुद्राला मिळते त्या संगमाकडे जाताना फोनवर ताशी ९ किलोमीटर वेग दिसू लागला. आमच्यातील जो रोज पहाटे फिरायला जातो, त्याने याचे श्रेय आपल्या व्यायामाला दिले आणि आम्ही त्या आकड्याचा फोटोही काढला. ३ किलोमीटरचे अंतर २० मिनिटांत संपले. परत फिरलो तेव्हा मात्र तोच फोन ताशी १ किलोमीटर वेग दाखवू लागला आणि मुक्कामी पोहोचण्यास ३ तास लागतील असे सांगू लागला. मॅपवाली बाई मध्येच म्हणाली, की शक्य असेल तेथे यू-टर्न घ्या. आम्ही वल्ही मारून मारून थकलो, पण काठावरचे एकच माडाचे झाड कितीतरी वेळ आमच्या शेजारीच उभे होते. एवढ्यात एक मच्छीमार होडीतून जवळ आला आणि म्हणाला, ‘तुमी सुकतीक खंय जातास?’ आम्हाला वाटले की तो सुकट विकतो आहे, म्हणून आम्ही त्याला नम्रपणे सांगितले की आत्ता नको, संध्याकाळी पाहू. तो बराच वेळ हसला आणि मग त्याने दोर टाकला. आमच्यापैकी एक जण स्पर्धा परीक्षांच्या वर्गात गणित शिकवतो, त्याचेही म्हणणे असे की खाऱ्या हवेने जीपीएस बिघडले असावे. समुद्रासाठी कोणता फोन घ्यावा?
— परभणीकर चौघे

उत्तर : फोन बदलू नका. त्या दुपारी खाडीत तुमच्या बाजूने खरे बोलणारा तो एकटाच होता.

जीपीएस जो वेग दाखवते तो जमिनीच्या हिशेबाने असतो. एका क्षणी तुम्ही कोठे होता आणि पुढच्या क्षणी कोठे आहात, एवढेच त्याला कळते. तो फरक तुमच्या दंडांनी पाडला, वाऱ्याने पाडला की पाण्याने, याची विचारपूस ते करीत नाही. आता हे कागदावर मांडा. जाताना ९, येताना १. दोन्हींची बेरीज १० आणि तिचे निम्मे ५, म्हणजे ताशी ५ किलोमीटर हा तुमचा स्वतःचा वेग. वजाबाकी ८ आणि तिचे निम्मे ४, म्हणजे ताशी ४ किलोमीटर हा पाण्याचा वेग. नवशिक्याने कयाक ताशी ५ किलोमीटरने वल्हवली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र ज्या आकड्याचा फोटो काढला, त्यातला जवळजवळ निम्मा वाटा ओहोटीचा होता आणि तिने तो परतीच्या वाटेवर व्याजासह वसूल केला.

तुमच्या गणित शिकवणाऱ्या मित्रासाठी एक वाक्य वेगळे लिहावे लागते. हे उदाहरण त्यांच्याच पुस्तकात ‘नाव व प्रवाह’ या प्रकरणात आहे. आपल्याकडील हजारो मुलांनी ते ४० सेकंदांत सोडवण्याचा सराव केलेला असतो, आणि त्यांतील बहुतेकांनी नाव फक्त त्या प्रकरणातच पाहिलेली असते. उदाहरण अंगावर आले की ते ओळखू येत नाही, याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही, कारण पहिल्यांदा समुद्रात उतरलो तेव्हा माझेही असेच झाले होते. फरक इतकाच की माझ्याजवळ गणिताचा शिक्षक नव्हता.

मच्छीमार काय म्हणाला तेही सांगतो. मालवणीत ओहोटीला ‘सुकती’ म्हणतात. सुकती लागलेली असताना कोठे निघालात, असा त्याचा साधा प्रश्न होता. तुमच्या जवळपास त्या वेळी पाण्याची बातमी असलेला तोच एक माणूस होता आणि तुम्ही त्याला भाव विचारण्याच्या आत परत पाठवत होता.

प्रवाह समोरून असला की निदान माडाचे झाड हलत नाही, त्यावरून शंका तरी येते. प्रवाह आडवा असला की फसगत अधिक गोड होते. फोनवरचा बाण काठावरच्या खुणेकडे, तुम्ही कयाकचे नाक बाणाकडे धरलेले, आणि तरीही बाण हळूहळू सरकत राहतो, कारण पाणी तुम्हाला बाजूला नेत असते. तुम्ही नाक पुन्हा बाणाकडे वळवता, पाणी पुन्हा नेते, आणि अशी बाकदार वाट काढीत शेवटी तुम्ही प्रवाहाच्या थेट विरुद्ध दिशेला तोंड करून खुणेकडे रखडत पोहोचता. समजा खूण १ किलोमीटर दूर आहे, तुमचा वेग ५ आणि आडव्या पाण्याचा ४. बाणाचे ऐकत गेलात तर सुमारे ३३ मिनिटे लागतात. सुरुवातीपासूनच नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला सुमारे ५३ अंश वळवून धरले, तर तेच अंतर २० मिनिटांत संपते. नाकासमोर चालणारा माणूस जमिनीवर सज्जन ठरतो, पाण्यात मात्र तो १३ मिनिटे उशिरा पोहोचतो.

यात कोकणाचे असे खास काही नाही. गोदावरीला पाणी असताना गंगाखेडच्या काठावरून पलीकडे होडी घालणारा नावाडी नेहमी वरच्या अंगाला तोंड करून निघतो आणि नेमका घाटावर लागतो. त्याला कोन कोणी मोजून दिलेला नसतो. तो पलीकडच्या काठावर दोन वस्तू धरतो, एक पुढची आणि एक मागची, उदाहरणार्थ बाभळीचे झाड आणि त्याच्या मागचा देवळाचा कळस. झाड आणि कळस एकाच रेषेत राहिले तर वाट सरळ आहे. कळस झाडाच्या डावीकडे सरकला तर होडीही डावीकडे वाहते आहे. या उपकरणाला चार्जिंग लागत नाही, आणि त्याचा पडदा उन्हात अंधूकही होत नाही.

प्रश्न : माझे यजमान आणि मुलगा अलिबागला कयाकिंगला जाणार आहेत. ‘जीपीएस असल्यावर काळजी कशाची, आम्ही कोठे आहोत ते तुला घरबसल्या कळेलच,’ असे ते म्हणतात. समुद्रात रेंज गेली तर जीपीएस बंद पडते का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, बंद पडत नाही, पण त्यामुळे तुम्हाला काहीही कळणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि तुमच्या यजमानांची गल्लत नेमकी येथेच होते आहे.

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि सतत आपली वेळ व जागा सांगत राहतात. त्यांपैकी किमान चौघांचे बोलणे ऐकू आले की फोन आपली जागा हिशेबाने काढतो. त्यासाठी मोबाइलचा मनोरा लागत नाही, आणि उघड्या समुद्रावर तर इमारती-झाडांची आडकाठी नसल्याने हे काम शहरापेक्षा बरे होते. परंतु फोन या व्यवहारात फक्त श्रोता आहे. तुम्ही परभणी आकाशवाणी ऐकता, म्हणून आज तुमच्या घरी भाजी कोणती आहे हे तेथील निवेदकाला कळते का? तसेच हे. त्यांची जागा तुमच्या फोनवर दिसायची असेल तर ती मोबाइलच्या जाळ्यातूनच यावी लागते, आणि किनाऱ्यापासून दूर गेल्यावर ते जाळे विरळ होते. नकाशाही आधी उतरवून ठेवलेला नसेल, तर रेंज गेल्यावर त्यांना आपली जागा अगदी अचूक दिसेल, पण कोऱ्या पडद्यावर.

आपल्या देशाच्या उपग्रह प्रणालीचा सातवा उपग्रह २०१६ साली सोडला गेला, तेव्हा तिचे नाव ‘नाविक’ ठेवण्यात आले. नाव उत्तम आहे, पण तीही जागाच सांगते. वल्हे मारायला किंवा घरी निरोप द्यायला येत नाही. म्हणून यजमानांकडून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या : कोठून उतरणार, कोठवर जाणार आणि किती वाजेपर्यंत परत न आल्यास तुम्ही फोन फिरवायचा. समुद्रावरील बचावासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. तो त्याच कागदावर खाली लिहा आणि कागद फ्रिजवर लावा. ते आढेवेढे घेतील, पण सही घ्याच.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. नाथसागरावर, म्हणजे आमच्या धरणाच्या जलाशयावर, सराव केला तर पुढे समुद्रात जीपीएसच्या आधारे कयाक चालवता येईल का?
— एक विद्यार्थी, पैठण

उत्तर : नाथसागरासारखी सरावाची जागा मराठवाड्यात दुसरी नाही, हे मी पक्षपाताने म्हणतो, कारण मी वल्हे धरायला तेथेच शिकलो. मात्र तो पक्षी अभयारण्याचा भाग आहे, म्हणून आधी परवानगी घ्या, आणि धरणाच्या २७ दरवाजांच्या बाजूला चुकूनही फिरकू नका.

जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब पसरलेला असल्यामुळे वाऱ्याला धावायला भरपूर मोकळी जागा मिळते, आणि दुपारी वारा उठला की तेथील लाटा ‘धरणाचे पाणी’ या शब्दांत मावत नाहीत. वाऱ्यातले वल्हवणे, उलटलेल्या कयाकमध्ये पुन्हा चढणे, सोबत्याची कयाक ओढणे हे सगळे तेथे शिकता येते. भरती-ओहोटी तेवढी शिकता येणार नाही. नाथसागराची भरती पावसाळ्यात येते आणि ओहोटी उन्हाळ्यात, म्हणजे वर्षातून एकेकदा. समुद्राची दिवसातून दोनदा.

जीपीएसवर विसंबण्याबद्दल म्हणाल, तर माझा अनुभव ऐका. धरण काठोकाठ भरलेले असताना मी एकदा सकाळी फोन पिशवीत घालून निघालो. एका ठिकाणी नकाशावरचे उपग्रहाचे छायाचित्र उघडून पाहिले, तर माझ्या नावाचा निळा ठिपका एका चौकोनी वाफ्याच्या मधोमध उभा होता आणि शेजारून बैलगाडीची वाट जात होती. ते छायाचित्र उन्हाळ्यातले होते. पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या जमिनीत आपल्याकडे गाळपेर करतात, हे तुम्हा पैठणकरांना सांगायला नको. फोनच्या मते मी कुणाच्या तरी टरबुजांत उभा होतो आणि जवळच्या रस्त्यापर्यंत पायी ४ मिनिटे होती. वल्हे उभे धरून खाली सोडले, तर ते पूर्ण बुडूनही जमिनीला टेकले नाही. जागा चुकीची नव्हती, ऋतू चुकीचा होता. समुद्रकाठच्या खाडीत हाच घोटाळा सहा तासांत होतो : नकाशावर पाण्याची कड एकच असते, प्रत्यक्षात ती भरतीला एका ठिकाणी आणि ओहोटीला दुसऱ्याच ठिकाणी असते, आणि मधला भाग म्हणजे मांडीपर्यंतचा चिखल.

जाता जाता एक गंमत. हे धरण मुळात बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ व्हायचे होते. ते पैठणला झाले आणि नाव मात्र जायकवाडीच राहिले. पत्ता एकीकडे आणि पाणी दुसरीकडे ही परंपरा फोनने सुरू केलेली नाही.

प्रश्न : मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूने परतताना मी फोनमध्ये किनाऱ्याची खूण लावून सरळ रेषेत आलो आणि खडकावर आदळलो. कयाकला चीर गेली, भरपाई द्यावी लागली. त्यातच ओल्या पडद्यामुळे फोन आपोआप सासुरवाडीला लागला. चूक कोणाची?
— एक उद्योजक, जालना

उत्तर : सासूबाईंची नक्कीच नाही.

खडकांविषयी इतकेच, की फोन दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा आखतो आणि त्या रेषेखाली काय आहे हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या नकाशात समुद्र म्हणजे एकसारखा निळा रंग, आणि मालवणचा समुद्र तर पाण्याखालच्या खडकांसाठी प्रसिद्धच आहे. मे २००० पर्यंत अमेरिका जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंतही चुकू शकत असे. त्या काळी निघाला असता तर कदाचित खडक चुकला असता. आता मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो, आणि तितक्याच अचूकपणे त्याने तुम्हाला खडकावर नेऊन पोहोचवले. पुढच्या वेळी तेथील होड्या ज्या वाकड्या वाटेने ये-जा करतात, ती वाट धरा. ती वाकडी आहे याला कारण असते.

पडद्यावर खारे पाणी पडले की त्याला ते बोटासारखेच वाटते, कारण त्या पाण्यातून वीज वाहते. फोन पडदा बंद करूनच पिशवीत ठेवा. ती पिशवी लोहचुंबकाच्या झाकणाची असेल तर होकायंत्रापासून हातभर लांब बांधा. माझ्या एका सहलीत उत्तर दिशा अर्धा तास माझ्या मांडीकडे होती.

प्रश्न : मी हिंगोलीचा निवृत्त शिक्षक आहे. ‘खारे वारे, मतलई वारे’ आणि ‘भरती-ओहोटी’ हे पाठ मी अनेक वर्षे शिकवले, समुद्र मात्र निवृत्तीनंतर पाहिला. आता नातवंडांबरोबर कयाकमध्ये बसायचे आहे. ती म्हणतात की भरतीची वेळ ॲपवर कळते. माझ्याजवळ ॲप नाही, भिंतीवर दिनदर्शिका आहे. तेवढ्यावर काही भागते का?
— एक निवृत्त शिक्षक, हिंगोली

उत्तर : गुरुजी, बरेचसे भागते. नातवंडांना ॲप पाहू द्या, कारण बंदरानुसार वेळ मागेपुढे होते आणि मिनिटांचा हिशेब तेथेच मिळतो. पण त्यांच्याआधी तोंडी उत्तर देण्याची सोय आपल्या किनाऱ्यावर जुन्या काळापासून आहे. तिथीचा आकडा पाऊणने गुणावा, की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. तेथून सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास. पाढ्यातील पाऊणकी आपल्या पिढीनंतर कोणाला येत नाही, तेव्हा नातवंडे फोनमधून वर पाहतील याची मला खात्री आहे.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाण्याची चढ-उतार कमी आणि खाडीतला ओढाही कमी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, आणि त्याचा खरा जोर बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. म्हणून पहिल्या खेपेला अष्टमी-नवमी धरा आणि सकाळीच उतरा. तुम्ही शिकवलेले खारे वारे दुपारी समुद्रावरून आत वाहू लागतात आणि ते कयाकमध्ये बसल्यावर पाठातल्यापेक्षा बरेच जोरकस निघतात. निघताना काठावर जो कोणी जाळे विणत बसला असेल, त्याला सुकती कधी लागणार ते विचारा. तो सुकट विकत नाही, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

सरावासाठी एक उदाहरण देतो, ते नातवंडांकडून सोडवून घ्यावे. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला असते. परभणीचे चौघे त्या रात्री निघाले, दुसरा दिवस वद्य प्रतिपदेचा प्रवासात गेला आणि तिसऱ्या दिवशी वद्य द्वितीयेला ते खाडीवर आले, म्हणजे ऐन उधाणात. दोन पाऊणे दीड, म्हणून भरती दीडच्या सुमारास आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत ओहोटी. त्यांनी कयाक पाण्यात ढकलली ती अडीच वाजता, आणि कयाकवाला काठावरून जे ‘काहीतरी’ सांगत होता, ते बहुधा हेच होते.